चालू ऑफिसात लिनक्स गेटवे बसवताना: ऑफिसचे पत्ते हलवू नका, राउटरचा हलवा

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या जॉबवर्क करणाऱ्या कुठल्याही छोट्या युनिटच्या ऑफिसात गेलात, तर नेटवर्क साधारण सारखंच दिसतं. भिंतीवर फायबरवाल्यांनी लावून दिलेला पांढरा राउटर, त्यातून एक केबल सोळा पोर्टच्या स्विचला, आणि स्विचमधून सगळीकडे वायरी: टॅलीचा मुख्य पीसी, अकाउंट्सचे दोन-तीन पीसी, ड्रॉइंगवाल्याचा कॅडचा पीसी, प्रिंटर, हजेरीचं बोटाचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर. शिवाय शेडमध्ये व्हीएमसी मशीनला (प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या मशीनला) प्रोग्रॅम पाठवणारा विंडोज ७ चा एक म्हातारा पीसी, ज्याला हात लावायला कोणी तयार नसतं.

हे सगळं चालतं. अडतं तेव्हा, जेव्हा मालक विचारतात, "दुपारी नेट कोण खातं?" किंवा "शेडमधल्या पीसीला इंटरनेट कशाला हवं?" फुकट मिळालेल्या राउटरकडे या प्रश्नांची उत्तरं नसतात. लिनक्स गेटवेकडे असतात. गेटवे म्हणजे दोन नेटवर्क पोर्ट असलेला साधा कॉम्प्युटर. एका पोर्टला बाहेरचं जग, दुसऱ्याला ऑफिसचा स्विच. आतून बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट याच्यातूनच जातं, त्यामुळे कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं, कशाची नोंद ठेवायची हे तुमच्या हातात येतं.

इथे मी असं धरून चाललोय की ऑफिस चालू आहे, सोमवारी सकाळी बिलं निघायला हवीत, आणि तुम्ही लिनक्स थोडंफार वापरलंय पण गेटवे कधी बसवलेला नाही. ऑफिसात चार-पाचच माणसं असतील आणि तक्रार काहीच नसेल, तर हा उद्योग करू नका. आणि काळा स्क्रीन पाहून घाबरणारे सगळे असतील, बोलावल्यावर येणारा माणूसही नसेल, तर ब्राउझरमधून चालवता येणारं आयपीफायर किंवा ओपीएनसेन्स बरं. त्यातलं ओपीएनसेन्स हे लिनक्स नसून फ्रीबीएसडीवर बांधलेलं आहे, पण छोट्या ऑफिसाला त्याने फरक पडत नाही.

मशीन

कोपऱ्यात पडलेला जुना डेस्कटॉप चालेल. त्यात इंटेलचं गिगाबिट लॅन कार्ड टाकलं की दोन पोर्ट झाले. रॅम ४ जीबी पुष्कळ, हार्ड डिस्कऐवजी छोटी एसएसडी. यूएसबीचं लॅन अडॅप्टर मात्र नको: ते हलतं, तापतं, आणि नेमकं गर्दीच्या वेळी गायब होतं.

विजेचा हिशोब करून मग जुना डेस्कटॉप वापरायचा की नाही ते ठरवा. तो ५० वॅट खात असेल तर चोवीस तासांत १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. इंटेल एन१०० प्रोसेसरचा, चार लॅन पोर्टचा मिनी पीसी १०-१५ वॅटमध्ये भागवतो. वर्षभर बंद न होणाऱ्या मशीनसाठी मी तरी दुसरा पर्याय घेईन. जास्तीचे दोन पोर्ट पुढे कामाला येतात.

यूपीएस हवाच, आणि त्यावर गेटवे, फायबरचा राउटर आणि स्विच तिन्ही हवेत. नुसता गेटवे यूपीएसवर आणि राउटर साध्या बोर्डावर, असं पुष्कळ ठिकाणी असतं. मग वीज गेली की गेटवे जिवंत आणि नेट मेलेलं. बायोसमध्ये जाऊन "वीज आल्यावर आपोआप चालू हो" ही सेटिंग लावा. नाहीतर रात्री वीज जाऊन आली की सकाळी पहिला येणारा माणूस तुम्हाला फोन करणार.

शेडपर्यंत तांब्याची केबल गेली असेल तर तिच्याकडेही एकदा बघून घ्या. इथरनेटची मर्यादा १०० मीटर आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण शेडचं आणि ऑफिसचं अर्थिंग वेगळं असेल तर पावसाळ्यात विजा कडाडल्यावर त्याच केबलवरून झटका येऊन स्विचचे पोर्ट जळतात. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर आणि मध्ये फायबर, हा त्यावरचा कायमचा इलाज. गेटवेचं नवं मशीन त्या स्विचला जोडण्याआधी हे केलेलं बरं.

आधी कागद

कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूचा पत्ता लिहून काढा. राउटरच्या पानावर जोडलेल्यांची यादी असते, पण ती अर्धीच असते. ज्यांना राउटरने पत्ता दिला तेच त्यात दिसतात. ज्यांच्यात कोणीतरी हाताने पत्ता टाकून ठेवलाय ते दिसत नाहीत, आणि त्रास तेच देतात. प्रिंटर, डीव्हीआर, हजेरी मशीन, टॅलीचा मुख्य पीसी हे बहुधा याच जातीचे. म्हणून लॅपटॉपवरून एनमॅप (जाळ्यात कोण कोण आहे ते शोधणारा प्रोग्रॅम) चालवून १९२.१६८.१.० चं अख्खं जाळं चाळा, आणि जे उत्तर देईल त्याच्यापर्यंत प्रत्यक्ष चालत जा. बोटाची हजेरी घेणारी पुष्कळशी मशीनं कारखान्यातूनच १९२.१६८.१.२०१ हा पत्ता घेऊन येतात आणि बसवणारा तो तसाच ठेवतो. तुमच्या यादीत तो दिसला तर आश्चर्य वाटायला नको.

राउटरच्या सगळ्या पानांचे फोटो काढा. त्यात तीन गोष्टी विशेष पाहा. राउटरचा आतला पत्ता काय (बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१). कनेक्शन पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून जोडलं जाणारं, आहे का, असेल तर ते युजरनेम-पासवर्ड कोणाकडे आहे. आणि बाहेरच्या बाजूला राउटरला मिळालेला पत्ता कसा आहे. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्याही आकड्याने सुरू होत असेल, तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या मोठ्या नॅटच्या मागे आहात, म्हणजे पुष्कळ ग्राहक मिळून बाहेर एकच पत्ता वापरतायत. मग बाहेरून थेट ऑफिसात शिरायचा रस्ता तुम्हाला मुळात नाहीच. घरून काम करायला थेट ऑफिसात उतरणारं व्हीपीएन हवं असेल तर स्टॅटिक आयपी विकत घ्यावा लागेल.

पत्त्यांचा आराखडा

नवखा माणूस नेहमी असा विचार करतो: राउटर १९२.१६८.१.१ वर आहे, तो राहू दे. गेटवेच्या आत नवं जाळं करू, १९२.१६८.१० चं, आणि ऑफिस तिकडे हलवू. कागदावर हे स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात सोमवारी प्रिंटर बंद, कारण प्रत्येक पीसीत तो जुन्या पत्त्याने जोडलेला. मंगळवारी ड्रॉइंगवाल्याचा फोन, की व्हीएमसीला प्रोग्रॅम जात नाही. आणि पगाराच्या आदल्या दिवशी कळतं की हजेरी मशीनचा डेटा महिनाभर उतरलेलाच नाही.

उलट करा. ऑफिसातल्या एकाही वस्तूचा पत्ता बदलू नका. फायबरच्या राउटरचा आतला पत्ता बदलून १९२.१६८.१००.१ करा. गेटवेच्या बाहेरच्या पोर्टला १९२.१६८.१००.२ द्या. आणि गेटवेच्या आतल्या पोर्टला तोच पत्ता द्या जो आजवर राउटरचा होता: १९२.१६८.१.१. ऑफिसच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. प्रिंटर आहे तिथेच, हजेरी मशीन आहे तिथेच, आणि ज्याच्यात हाताने "गेटवे १९२.१६८.१.१" असं भरलेलं आहे तोही बरोबर. फक्त त्या पत्त्यावर आता वेगळं मशीन बसलंय.

यात दोनदा नॅट होतं, एकदा गेटवेवर आणि एकदा राउटरवर. पुस्तकी माणूस नाक मुरडेल. आतून बाहेर जाणाऱ्या कामाला, म्हणजे ईमेल, जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँक, व्हिडिओ कॉल, यातल्या कशालाही त्याचा त्रास होत नाही. अडतं फक्त बाहेरून आत येणाऱ्या जोडणीला. ब्रिज मोड करून राउटरला निव्वळ फायबरचा डबा बनवणं आणि पीपीपीओई गेटवेवर आणणं हे जास्त शुद्ध आहे, पण त्यात एमटीयू (पॅकेटचं कमाल माप) १४९२ होतो, एमएसएस (पॅकेटमधल्या मजकुराचं माप) कमी करायचा नियम लावावा लागतो, आणि ऑफिसचा लँडलाइन त्याच राउटरमधून निघत असेल तर तो बंद पडू शकतो. पहिल्या दिवशी ते नको. सहा महिने गेटवे नीट चालला की मग बघा.

दोनदा नॅट ठेवण्याचा एक फायदाही आहे. राउटरचा वायफाय आता गेटवेच्या बाहेर पडला. तो पाहुण्यांसाठी ठेवून द्या. ऑडिटला आलेला माणूस, क्वालिटी इन्स्पेक्टर, शेठच्या पुतण्याचा फोन, सगळे त्यावर. त्यांना इंटरनेट मिळतं आणि तुमचा टॅलीचा पीसी दिसतही नाही. ऑफिसच्या लोकांसाठी जुना एखादा वायफाय राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून स्विचला लावा: केबल त्याच्या लॅन पोर्टला, वॅनला नाही, त्याचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद, पत्ता १९२.१६८.१.२ किंवा यादीत मोकळा असेल तो.

टेबलावर

डेबियन १३ घ्या. उबुंटू सर्व्हर २४.०४ ही चालेल. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपवरची टिक काढा, एसएसएच सर्व्हर तेवढा ठेवा. या मशीनवर दुसरं काहीही ठेवायचं नाही: फाइल सर्व्हर नाही, डॉकर तर नाहीच, कारण तो फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम न विचारता घुसवतो.

यापुढे कमांड अक्षर-अक्षर देत नाही. त्या आवृत्तीगणिक बदलतात, आणि कॉपी-पेस्ट केलेला फायरवॉल बिघडला की दुरुस्त करता येत नाही. काय करायचं आणि कोणत्या क्रमाने हे सांगतो. प्रत्येक प्रोग्रॅमचं मॅन्युअल मशीनमध्येच असतं.

पहिलं काम पोर्ट ओळखणं. लिनक्स त्यांना ईएनपी१एस० असली नावं देतं. एका पोर्टची केबल काढा, कोणत्या नावापुढे "नो कॅरिअर" आलं ते पाहा, आणि लगेच मार्करने पट्टी लावा: "बाहेर", "आत". पट्टी मराठीत लावा. उद्या तुम्ही पुण्याला असताना फोनवरून ऑफिस बॉयला सांगायचं असेल, तर "वॅन पोर्ट" म्हणून भागणार नाही.

टेबलावरच्या चाचणीत बाहेरचा पोर्ट ऑफिसच्याच स्विचला लावायचा, म्हणजे त्याला १९२.१६८.१ मधला पत्ता मिळेल. आतल्या पोर्टलाही तेच जाळं दिलंत तर दोन्ही बाजूंना एकच जाळं होतं, आणि पॅकेट कुठल्या दाराने जायचं हे मशीनला ठरवता येत नाही. म्हणून टेबलावर असेपर्यंत आतल्या पोर्टला तात्पुरता १९२.१६८.५०.१ द्या आणि तिथे फक्त तुमचा लॅपटॉप जोडा.

मग आयपी फॉरवर्डिंग चालू करा. हे बंद असेल तर मशीन दोन पोर्ट असूनही एका बाजूचं पॅकेट दुसऱ्या बाजूला देत नाही. जुने लेख सांगतात की इटीसी फोल्डरमधल्या सिसकंट्रोल डॉट कॉन्फ (sysctl.conf) या फाइलीत ओळ टाका. डेबियन १३ मध्ये सुरू होताना ती फाइल आता वाचली जात नाही. ओळ सिसकंट्रोल डॉट डी (sysctl.d) या फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइल करून टाका. नाहीतर आज सगळं चालेल आणि पहिल्या रीबूटनंतर अख्खं ऑफिस बंद पडेल.

फायरवॉल

डेबियनमध्ये यासाठी एनएफटेबल्स आहे. आयपीटेबल्सचे जुने नियम सापडतील तिकडे बघू नका. नवं शिकायचंय तर नवंच शिका. टेबल "इनेट" प्रकारचं करा, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींना एकच नियम लागतो. एका दाराला कुलूप आणि दुसरं सताड उघडं, असं होत नाही.

तीन साखळ्या लागतात. पहिली "इनपुट", म्हणजे खुद्द गेटवेवर येणारं. मुळात सगळं नाकारायचं, मग एकेक परवानगी: मशीनचं स्वतःशी बोलणं, आधीच सुरू असलेल्या संभाषणाची उत्तरं, पिंग आणि त्याचे भाऊबंद, आणि फक्त आतल्या पोर्टवरून एसएसएच, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), डीएचसीपी. बाहेरच्या पोर्टवरून एसएसएच उघडं ठेवायचा मोह होतो, "घरून बघता येईल" म्हणून. नको.

दुसरी "फॉरवर्ड", म्हणजे एका पोर्टातून दुसऱ्यात जाणारं. इथेही मुळात नकार. मग चालू संभाषणांना परवानगी, मग आतून बाहेर जाणाऱ्याला परवानगी. बाहेरून आत नव्याने येणाऱ्यासाठी काहीच लिहायचं नाही, ते आपोआप नाकारलं जातं. शेडमधल्या विंडोज ७ ला अडवायचं असेल तर त्याच्या पत्त्याचा नकार "आतून बाहेर" या सरसकट परवानगीच्या वर हवा. नियम वरून खाली वाचले जातात, आणि परवानगी आधी मिळाली तर खालचा नकार कोणी वाचत नाही.

तिसरी साखळी नॅटची. त्यात एकच ओळ: बाहेरच्या पोर्टातून निघणाऱ्या सगळ्यावर मास्करेड, म्हणजे आतल्या पत्त्याऐवजी गेटवेचा बाहेरचा पत्ता लावणं.

इथे एक मर्यादा मालकांना स्पष्ट सांगा. शेडचा पीसी आणि अकाउंट्सचा पीसी एकाच स्विचवर असतील तर त्यांचं आपसातलं बोलणं गेटवेकडे येतच नाही, स्विचमध्येच संपतं. म्हणजे इंटरनेट तोडलं तरी अकाउंट्सच्या पीसीत पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस शेडमध्ये पोचू शकतो. ते थांबवायचं तर शेडला गेटवेचा तिसरा पोर्ट आणि वेगळं जाळं द्यावं लागतं. मिनी पीसीतले जास्तीचे पोर्ट कामाला येतील म्हणालो ते यासाठी.

फाइल लागू करण्याआधी एनएफटेबल्सला ती नुसती तपासायला सांगता येते, ते दर वेळी करा. आणि एनएफटेबल्सची सर्व्हिस मशीनबरोबर सुरू होईल अशी लावलीय का ते पाहा. डेबियनमध्ये ती आपोआप लागलेली नसते.

पत्ते वाटणारा

डीएचसीपी आणि डीएनएस दोन्हींना डीएनएसमास्क हा एकच प्रोग्रॅम पुरतो. वाटायचे पत्ते १०० ते १८० ठेवा. तुमच्या यादीतले हाताने भरलेले पत्ते या पट्ट्याच्या बाहेर असायला हवेत. एखादा आत येत असेल तर पट्टा बदला, वस्तू नाही. ज्या पीसीला कायम तोच पत्ता हवा त्याचं आरक्षण मॅक पत्त्यावरून (लॅन कार्डाचा स्वतःचा क्रमांक) इथेच करा, म्हणजे पुढे नियम लिहिताना कोण कोण ते ओळखता येतं.

डीएनएसमास्कला फक्त आतल्या पोर्टवर बांधा, आणि हे पत्त्यांचा पट्टा लिहिण्याआधी करा. टेबलावर असताना तुमचा बाहेरचा पोर्ट ऑफिसच्या स्विचमध्ये आहे. डीएनएसमास्क तिकडेही पत्ते वाटू लागला तर भर दुपारी अकाउंट्सच्या ताई विचारतील, "भाऊ, माझंच नेट का गेलं?" आणि पुढच्या तासाला आणखी दोघं.

उबुंटूवर एक जास्तीचा अडथळा आहे: सिस्टमडी-रिझॉल्व्हड ५३ नंबरचा, म्हणजे डीएनएसचा, पोर्ट आधीच धरून बसतं. त्याचा स्टब बंद करा, मग डीएनएसमास्क उभा राहतो.

आता लॅपटॉप आतल्या पोर्टला लावून तपासा. क्रम पाळा, कारण कुठे अडलं हे क्रमच सांगतो. आधी १९२.१६८.५०.१ ला पिंग: लागत नसेल तर केबल किंवा पत्ता. मग ऑफिसच्या राउटरला पिंग: लागत नसेल तर फॉरवर्डिंग किंवा मास्करेड. मग १.१.१.१ ला: लागत नसेल तर गेटवेवरचा डीफॉल्ट रूट. आणि शेवटी एखादं संकेतस्थळ नावाने: आकडा लागतो आणि नाव लागत नाही, तर डीएनएस. हे सगळं झाल्यावर गेटवेची वीज सरळ खेचून काढा, पुन्हा लावा, आणि काहीही टाइप न करता लॅपटॉपवर नेट येतंय का बघा. आलं नाही तर मशीन टेबलावरच राहू दे.

बदलाचा दिवस

तारीख निवडताना जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २० तारीख, आणि पगाराचे दिवस टाळा. रविवारी करा असं सगळे सांगतात. मला शनिवारची संध्याकाळ बरी वाटते, कारण अकाउंट्सचं एक माणूस थांबवून घेता येतं. टॅलीची कंपनी उघडून एक व्हाउचर टाकून बघणं हे तुमचं काम नाही, त्यांचं आहे. काही राहिलं तर रविवार हाताशी असतोच.

लॅपटॉप थेट राउटरला जोडा आणि त्याचा आतला पत्ता १९२.१६८.१००.१ करा. सेव्ह केल्यावर पान अडकतं, ते साहजिक आहे. लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावा आणि नव्या पत्त्यावर जा. राउटर ते स्विच ही केबल काढून टाका. राउटरमधून नवी केबल गेटवेच्या "बाहेर" पोर्टला, गेटवेच्या "आत" मधून स्विचला. गेटवेच्या बाहेरच्या पोर्टला १९२.१६८.१००.२ कायमचा, आतल्याला १९२.१६८.१.१, डीएनएसमास्कमधलं ५० काढून १, आणि रीबूट.

राउटर आणि स्विच यांच्यामध्ये दुसरी एखादी केबल राहिलेली नाही ना, हे बोटाने वायर धरत धरत तपासा. डीव्हीआर बसवणाऱ्याने राउटरच्या मोकळ्या पोर्टातून स्वतःची वायर नेलेली असते, आणि एखाद्या टेबलाखालचा छोटा स्विच दोन्हीकडे जोडलेला निघतो. अशी एक वायर राहिली तर दोन डीएचसीपी एकाच जाळ्यात भांडतात. शिवाय राउटर आयपीव्ही६ च्या घोषणा ऑफिसात पाठवत राहतो, आणि अर्धी वाहतूक गेटवेला बगल देऊन निघून जाते. सगळं चालू दिसतं, नोंदीत मात्र काही सापडत नाही.

काही पीसी पहिली दोन-तीन मिनिटं गप्प राहतील. त्यांच्या लक्षात १९२.१६८.१.१ चा जुना मॅक पत्ता असतो. सगळे पीसी एकदा रीस्टार्ट करा, म्हणजे तेही मिटतं आणि पत्तेही नवे मिळतात.

आणि मग विंडोजचा खरा खोडा. विंडोज जाळं ओळखतं ते गेटवेच्या मॅक पत्त्यावरून. मॅक बदलला, की त्याच्या मते हे नवंच ठिकाण आहे, आणि नवं ठिकाण म्हणजे "पब्लिक". पब्लिक झालं की विंडोजचा स्वतःचा फायरवॉल फोल्डर शेअरिंग बंद करतो. इंटरनेट झकास चालतं, पण "टॅलीचा डेटा दिसत नाही", "दुसऱ्या पीसीवरचा प्रिंटर सापडत नाही", अशा हाका येतात, आणि सगळे तुमच्या लिनक्सकडे बोट दाखवतात. तुम्हीही दोन तास नियम तपासत बसाल, आणि तिथे काहीच सापडणार नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट, आणि तिथे प्रोफाइल "प्रायव्हेट" करा. आधी टॅलीचा डेटा असलेल्या मुख्य पीसीवर, मग ज्याच्यावरून काही शेअर केलंय त्या प्रत्येकावर.

उठण्याआधी एकेक करून पाहा: प्रिंट, टॅली, हजेरीचा डेटा उतरवणं, शेडला एक प्रोग्रॅम पाठवणं, बँकेचं पान, ई-वे बिल, आणि मालकांच्या फोनवर सीसीटीव्ही. कॅमेऱ्याचं अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणारं असेल तर आपोआप चालेल. ते पूर्वी पोर्ट फॉरवर्डिंगवर असेल तर आता बंद पडेल, आणि ते बंदच राहू द्या. डीव्हीआर इंटरनेटवर उघडा टाकणं ही वाईट सवय आहे. बसवणाऱ्याला अ‍ॅपवर आणून द्यायला सांगा.

परतीची वाट

गेटवे कधीतरी मरणार, आणि तेव्हा तुम्ही शहरात नसणार. म्हणून जुना एक साधा वायफाय राउटर तयार करून त्याच कपाटात ठेवा: वॅनला १९२.१६८.१००.२, आतला पत्ता १९२.१६८.१.१, वाटायचे पत्ते तेच १०० ते १८०. केबलींना दोन रंगांच्या पट्ट्या लावा आणि कपाटाच्या दाराच्या आत कागद चिकटवा: "लाल इथून काढून इथे, निळी इथून काढून इथे, डब्याचं बटण चालू." एवढ्यावर ऑफिस बॉयसुद्धा नेट परत आणू शकतो. विंडोज पुन्हा "नवं जाळं" म्हणेल, तेही त्या कागदावर लिहा. राउटरचे पासवर्ड मात्र कागदावर नकोत. गेटवेवरच्या चार-पाच सेटिंग फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर, आणि दर बदलानंतर नवी प्रत.

रोजच्या वापरात

एसएसएचला पासवर्ड बंद करून फक्त चावी ठेवा. सुरक्षा अपडेट आपोआप लागतील अशी सोय डेबियनमध्ये आहे, ती चालू करा, आणि कर्नलच्या रीबूटसाठी रविवारची पहाट ठरवा.

नोंदींबद्दल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या टाइम सर्व्हरशी जुळवायची आहेत. म्हणून क्रोनी बसवून वेळ जुळवा. वेळ चुकलेली नोंद निरुपयोगी असते. डेबियनचा जर्नल दिवस मोजत नाही, डिस्कवरची जागा मोजतो, आणि मर्यादा भरली की जुनं पुसतो. १८० दिवस मावतात का ते महिन्याभराने बघून मर्यादा वाढवा. कोणती नोंद ठेवली जाते हे स्टाफला आधी सांगा. आणि कोण कुठली पानं बघतो याची यादी मालकांनी मागितली, तर कशासाठी हवी ते विचारा. नेट कशाने भरतंय हे शोधायला मशीन आणि आकडे पुरतात.

"दुपारी नेट कोण खातं" याचं उत्तर बहुतेक वेळा माणूस नसतोच. कोणाच्या तरी फोनचे फोटो क्लाउडवर चढत असतात, नाहीतर चार पीसींचे विंडोज अपडेट एकदम उतरत असतात. त्यासाठी लिनक्समध्ये केक नावाची रांग लावायची सोय आहे, ४.१९ पासून ती कर्नलमध्येच येते. केबलवर मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के आकडा बाहेरच्या पोर्टवर अपलोडसाठी आणि आतल्या पोर्टवर डाउनलोडसाठी द्या. एकजण मोठी फाइल चढवत असताना दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल तुटायचा थांबतो. २० तारखेला जीएसटी पोर्टलच रडत असेल, तर मात्र तुमच्या गेटवेच्या हातात काही नाही.

मिनी पीसीचा एक पोर्ट अजून मोकळा असेल तर त्यावर दुसऱ्या कंपनीची लाइन घ्या. सिंहस्थाच्या तोंडावर शहरात रस्ते खोदले जातायत आणि जेसीबीला फायबर दिसत नाही. पहिल्या लाइनला कमी मेट्रिक, दुसरीला जास्त; कमी मेट्रिकचा रस्ता लिनक्स आधी वापरतं. पण लिनक्स स्वतःहून एवढंच बघतं की केबलला लाइट आहे का. फायबर रस्त्यात तुटली तरी राउटर आणि गेटवेमधली केबल शाबूत असते, लाइट हिरवाच राहतो, आणि पॅकेट मेलेल्या लाइनवर जात राहतात. म्हणून दर मिनिटाला पहिल्या लाइनवरून बाहेरच्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांना पिंग करणारी छोटी स्क्रिप्ट लावा. दोन्ही सलग तीनदा गप्प राहिले तर रूट दुसऱ्या लाइनवर न्यायचा, परत येताना मात्र पाच-दहा मिनिटं थांबून. प्रत्येक अदलाबदल तारीख-वेळेसकट फाइलीत लिहा. कंपनीच्या तक्रार केंद्राने "आमच्याकडून सगळं ओके दाखवतंय, तुमच्या आत प्रॉब्लेम असेल" म्हटलं, की तीच फाइल उघडून वेळा वाचून दाखवा.